पहिली वेबसाइट सर्व्हरवर चढवताना

आमच्या गावच्या वाचनालयाची साइट तयार झाली आणि मी मोठ्या उत्साहात तिची लिंक सेक्रेटरी काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. लिंकच्या सुरुवातीला ‘फाइल’ होतं, मग तीन तिरप्या रेघा, मग ‘सी’ ड्राइव्ह, मग माझं नाव, मग ‘डेस्कटॉप’. पाच मिनिटांनी काकांचं उत्तर आलं, “उघडत नाही रे. माझा फोन जुना झालाय म्हणून का?”

फोन बिचारा ठीक होता. साइटच माझ्या लॅपटॉपच्या बाहेर पडली नव्हती.

स्वतःच्या कॉम्प्युटरवर दिसणारी पानं जगाला दिसायला लागणं हे खरं तर तासाभराचं काम. पण पहिल्यांदा करताना ते दोन दिवस खातं, आणि ते दोन दिवस काही फार अवघड गोष्टींत जात नाहीत. फाइलचं नाव चुकलेलं असतं, नाहीतर फाइल भलत्याच फोल्डरात पडलेली असते. वाचनालयात बसणाऱ्यांना हे सांगायला नको. पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं की ते हरवल्यातच जमा. म्हणून इथे कुठलं बटण दाबायचं यापेक्षा नाव आणि जागा यांवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

तुमच्याकडे काय आहे ते गृहीत धरतो: एचटीएमएलची चार-सहा पानं, रंग-रूप ठरवणारी एक सीएसएस फाइल आणि काही फोटो, सगळं एका फोल्डरात. आमच्याकडे नेमकं हेच होतं. मुख्य पान, वेळा, वर्गणी, पुस्तकांची यादी, संपर्क, आणि इमारतीचे व कार्यक्रमांचे नऊ फोटो. वर्डप्रेसची गोष्ट वेगळी. तिथे डेटाबेस येतो, तो या लेखात नाही.

काय काय घ्यायचं

दोन गोष्टी: डोमेन आणि होस्टिंग. डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटला सतत जोडलेल्या कॉम्प्युटरवर, फाइली ठेवायची जागा. दोन्ही एकाच कंपनीकडून घेता येतात, वेगवेगळ्या कंपन्यांकडूनही. पहिल्यांदा एकाच ठिकाणी घेतलं तर जोडाजोडीचा त्रास वाचतो.

आपण डोमेन ‘विकत घेतलं’ म्हणतो, पण ते असतं वर्षाच्या भाड्याने. डॉट इन ही नावं नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या देखरेखीखाली चालतात. देवनागरीत डॉट भारतही मिळतं, २०१४ पासून. मोह होतो, मलाही झाला. पण इंटरनेटची नावनोंदणी आतून इंग्रजी अक्षरांवरच चालते, त्यामुळे मराठी नावाचं पडद्यामागे ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या अक्षरांच्या माळेत रूपांतर होतं, आणि लिंक कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की कधी कधी ती माळच दिसते. माझं मत असं की रोजच्या वापराला डॉट इन घ्यावं, हौस असेल तर मराठी नाव जोडीला घ्यावं.

डोमेन कुणाच्या ईमेलवर नोंदवायचं, याला घाईत कुणी महत्त्व देत नाही. आमच्या वाचनालयाचं आधी एक डोमेन होतं. एका उत्साही मुलाने ते स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवर घेतलं. मुलगा नोकरीला लागला, कॉलेजने ईमेल बंद केला, आणि नूतनीकरणाच्या सगळ्या आठवणी त्या बंद पेटीत जात राहिल्या. एक दिवस नाव सुटलं आणि दुसऱ्याच कुणी उचललं. तेव्हा संस्थेचा ईमेल वापरा, तोही दोघांना तरी उघडता येईल असा. डॉट कॉमसारखं नाव घेतल्यावर ईमेल पडताळणीचा एक मेल येतो, तो जाहिरात समजून उडवू नका. १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर नाव तात्पुरतं बंद पडतं.

होस्टिंगमध्ये सगळ्यात साधं ‘शेअर्ड लिनक्स होस्टिंग’ घ्या, सीपॅनल, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हरवरची आपली जागा सांभाळायचं पॅनल, असलेलं. ‘अनलिमिटेड’ वगैरे शब्दांना भुलायचं काही कारण नाही. आमची सगळी साइट फोटोंसकट ६ एमबीच्या आत आहे. भाव बघताना पहिल्या वर्षाचा नव्हे, दुसऱ्या वर्षाचा बघा. सवलत बहुतेकदा पहिल्याच वर्षाला असते, आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो.

पैसे भरले की एक मेल येतो. त्यात सीपॅनलचा पत्ता, यूजरनेम, पासवर्ड, सर्व्हरचं नाव, आयपी पत्ता (सर्व्हरचा आकडी पत्ता) आणि दोन नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते जगाला सांगणारे) असतात. पुढचं सगळं काम या मेलवर चालतं. तो जपून ठेवा आणि कृपा करून कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. त्यात घराची किल्ली आहे.

निघण्याआधी सामान तपासा

खरी मेहनत इथे आहे. फोल्डर अजून तुमच्याच कॉम्प्युटरवर आहे, तोवर पुढचं सगळं उरकून घ्या.

आधी फाइलींची नावं. विंडोजला लहान आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक दिसत नाही, सर्व्हरवरच्या लिनक्सला दिसतो. आमच्या इमारतीचा फोटो कॅमेऱ्यातून आला तेव्हा त्याच्या नावातलं शेवटचं ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत होतं. मी पानात ते लहान अक्षरांत लिहिलं. लॅपटॉपवर फोटो छान दिसत होता. सर्व्हरवर गेल्यावर त्या जागी फाटक्या कागदाचं चिन्ह. सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावं होती, आणि त्यातलं एक त्याच्याकडे नव्हतंच. यावर उपाय एकच आणि तो आत्ताच करायचा: सगळी नावं लहान अक्षरांत, मधे रिकामी जागा नको, दोन शब्द जोडायचे तर आडवी रेघ, आणि कंसबिंस काही नको. नाव बदललं की ते पानात जिथे जिथे आलंय तिथेही बदलायचं, हे विसरू नका.

मराठीत नाव दिलं तर? चालतं. पण पत्त्यात जाताना प्रत्येक देवनागरी अक्षर, काना-मात्रा धरून, टक्क्याच्या चिन्हांसह नऊ इंग्रजी खुणांचं होतं. नुसता ‘वाचनालय’ हा शब्द घेतला तर त्यात कान्यांसकट सात तुकडे, म्हणजे ६३ खुणा. ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बघा, समोरच्याला वाटेल व्हायरस आलाय. पानाच्या आत मराठी हवी तेवढी लिहा, फाइलच्या नावात नको.

मुख्य पानाचं नाव ‘इंडेक्स.एचटीएमएल’च हवं, अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत. कुणी नुसतं डोमेन टाइप केलं की सर्व्हर अशाच ठराविक नावाची फाइल शोधतो. ‘होम’ नाव दिलंत तर पान असूनही त्याला सापडेल याचा भरवसा नाही. आणि एक छुपा खड्डा. विंडोजमध्ये नावाच्या शेवटचं टोक लपवलेलं असतं, त्यामुळे नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात ‘इंडेक्स.एचटीएमएल.टीएक्सटी’ असू शकते आणि तुम्हाला पत्ता नसतो. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा, खरं नाव दिसेल.

मग पानांच्या आतले पत्ते. एडिटरमध्ये प्रत्येक पान उघडा आणि ‘सी’ ड्राइव्हचा उल्लेख शोधा. फोटो ओढून पानात टाकणारी काही सॉफ्टवेअरं गुपचूप अख्खा पत्ता लिहून ठेवतात. तुमच्या डेस्कटॉपचा पत्ता सर्व्हरला काय कामाचा? तिथे फक्त ‘इमेजेस’ फोल्डर, सरळ तिरपी रेघ आणि फाइलचं नाव एवढंच हवं. उलटी तिरपी रेघ विंडोजची, वेबवर ती वापरायची नाही. तपासायची सोपी युक्ती म्हणजे फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडा. जे फोटो तिथे गायब, ते सर्व्हरवरही गायब. (लहान-मोठ्या अक्षरांची चूक मात्र यात सापडत नाही, शेजाऱ्याकडेही विंडोजच असणार.)

मराठीसाठी एक गोष्ट नक्की करा. पानाच्या ‘हेड’ भागात, अगदी वर, मेटा टॅगमध्ये ‘चारसेट’ (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असल्याचं लिहा आणि फाइल सेव्ह करतानाही एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. हे राहिलं तर मराठीच्या जागी डोक्यावर रेघोट्या असलेली परकी अक्षरं दिसतात. अशा वेळी लोक फॉन्ट बदलत बसतात. फॉन्टचा काही संबंध नसतो.

फॉन्टचा संबंध असतो तो दुसरीकडे. आमची पुस्तकांची यादी पंधरा वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली होती, श्रीलिपीसारख्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी आजची पद्धत) येण्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टात. त्या पद्धतीत कॉम्प्युटरच्या लेखी आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचेच कोड असतात, वरून त्यांना मराठी आकारांचा झगा घातलेला असतो. मजकूर पानात चिकटवला की झगा मागे राहतो. मग ‘श्यामची आई’ शोधायला येणाऱ्याला स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी मिळते. कन्व्हर्टर वापरून आधी सगळं युनिकोडात आणा, आणि आणल्यावर डोळ्यांखालून घाला. रफार, रकार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. आमच्या ग्रंथपाल बाईंनी दोन दुपारी खर्च करून तीन हजारांवर नावं तपासली. या सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं काम तेच, आणि त्याला सर्व्हरची गरजही नव्हती.

फोटोंचं थोडक्यात: मोबाइलचा फोटो ४-५ एमबीचा असतो आणि पडद्यावर दाखवायला त्याच्या दहाव्या हिश्श्याचीही गरज नसते. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून जेपीजीत सेव्ह करा, दोनशे केबीच्या आसपास बसतो. गावात नेटवर्कची एक काडी असताना साइट उघडणाऱ्याचा विचार करा.

चढवायचे दोन रस्ते

पहिला रस्ता ब्राउझरमधला. सीपॅनलमध्ये लॉगिन करा, ‘फाइल मॅनेजर’ उघडा. डाव्या बाजूला बरेच फोल्डर दिसतील. तुमचा फक्त एक, त्याचं नाव ‘पब्लिक’, मग खालची रेघ, मग ‘एचटीएमएल’. जगाला दिसतं ते याच्या आतलं. बाहेर मेल, लॉग, एसएसएल वगैरे नावांचे फोल्डर असतात, त्यांना हात लावू नका आणि आपल्या फाइलीही तिथे टाकू नका.

फाइल मॅनेजरमध्ये अख्खा फोल्डर थेट ओढून टाकता येईलच असं नाही, म्हणून झिप करायची. इथेच माझी पहिली चूक झाली. मी ‘वाचनालय’ नावाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून झिप केली, चढवली, ‘एक्स्ट्रॅक्ट’ दाबलं. सगळं हिरवं. डोमेन उघडलं तर होस्टिंग कंपनीचं ‘लवकरच येत आहे’ असं पान. अर्धा तास मी नेमसर्व्हरला शिव्या घालत होतो. मग लक्षात आलं की झिप उघडल्यावर फायलींसोबत ‘वाचनालय’ हा फोल्डरही आला होता, आणि माझं मुख्य पान पब्लिकच्या आतल्या वाचनालयाच्या आत जाऊन बसलं होतं. डोमेनपुढे तिरपी रेघ मारून फोल्डरचं नाव लिहिलं की साइट दिसत होती, पण तसं कोण लिहिणार?

तेव्हा झिप करताना फोल्डरच्या आत जा, सगळं निवडा आणि मग झिप करा. चूक झालीच असेल तर पुन्हा चढवायची गरज नाही. आतल्या फोल्डरात जाऊन ‘सिलेक्ट ऑल’, मग ‘मूव्ह’, आणि जो पत्ता दिसेल त्याच्या शेवटचं फोल्डरचं नाव खोडा. फाइली एक पायरी वर येतात. झिप नंतर काढून टाका. ती राहिली तर कुणालाही उतरवून घेता येते.

कंपनीने आधीच ठेवलेली ‘इंडेक्स.पीएचपी’ किंवा ‘डिफॉल्ट’ नावाची फाइल दिसली तर तिचं नाव बदला. दोन मुख्य पानं असली की कुठलं दाखवायचं हे सर्व्हरच्या सेटिंगवर ठरतं, आणि अनेक ठिकाणी पीएचपीचा नंबर आधी असतो.

दुसरा रस्ता एफटीपीचा. फाइली इकडून तिकडे नेण्याची ही पद्धत वेबपेक्षा कितीतरी जुनी. तिचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये लिहिला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरमधून शिकून ते तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. वेब आली त्यानंतर वीस वर्षांनी. तेव्हा जाळ्यावर मोजकी ठिकाणं होती, एकमेकांना ओळखणारी, त्यामुळे साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. आज तसा पाठवू नका. सोबत ‘टीएलएस’, म्हणजे वाटेतली माहिती गुप्त ठेवणारी सोय, असलेली एफटीपी वापरा, नाहीतर एसएफटीपी. पहिली सर्व्हरच्या २१ नंबरच्या पोर्टवर (दारावर) चालते, दुसरी २२ वर. काही कंपन्या शेअर्ड होस्टिंगवर दुसरी बंद ठेवतात, विचारून घ्या.

यासाठी फाइलझिला हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, आणि इन्स्टॉल होताना मधेच दुसरं एखादं सॉफ्टवेअर पुढे केलं गेलं तर नको म्हणा. उघडल्यावर वरच्या पट्टीत घाईघाईने माहिती भरण्यापेक्षा ‘फाइल’ मेनूतून ‘साइट मॅनेजर’मध्ये जा आणि ‘न्यू साइट’ घ्या. होस्टच्या जागी मेलमधलं सर्व्हरचं नाव, एन्क्रिप्शनमध्ये टीएलएस मागणारा पर्याय, लॉगॉन टाइप ‘नॉर्मल’, मग यूजरनेम आणि पासवर्ड. पासवर्ड टाइप करण्यापेक्षा कॉपी करा, पण मागे-पुढे रिकामी जागा चिकटलेली नाही ना ते बघा. ‘कनेक्ट’ दाबलं की पहिल्या खेपेला प्रमाणपत्राची खिडकी येऊ शकते. त्यावरचं नाव तुमच्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरचं आहे याची खात्री करून होकार द्या.

वरच्या कप्प्यात ओळी पळतील. ‘डिरेक्टरी लिस्टिंग’ यशस्वी झाल्याची ओळ आली की पोहोचलात. ५३० आकड्याची लाल ओळ आली तर यूजरनेम किंवा पासवर्ड चुकलाय. ‘टाइम्ड आउट’ आलं तर होस्टचं नाव चुकलंय किंवा ऑफिसच्या नेटवर एफटीपी अडवलंय. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा, म्हणजे दोष कुठला ते कळेल.

डावा कप्पा तुमचा कॉम्प्युटर, उजवा सर्व्हर. उजवीकडे पब्लिक फोल्डरवर दोनदा क्लिक करून आत जा, मगच डावीकडच्या फाइली निवडून उजवीकडे ओढा. ‘आत जा’ यावर जोर देतोय, कारण घाईत अर्धे लोक बाहेरच टाकून मोकळे होतात. खाली ‘फेल्ड ट्रान्सफर्स’ असा टॅब आहे. सगळं संपल्यावर तो उघडून बघा. नेट हुकलं की एखाद-दुसरी फाइल तिथे अडकलेली असते, ती निवडून पुन्हा रांगेत लावायची.

सीपॅनलमध्ये मदतनीसासाठी वेगळं एफटीपी खातं काढता येतं, आणि काढावंच. मुख्य पासवर्ड कशाला वाटायचा? फक्त खातं काढताना सीपॅनल स्वतःहून एक नवा फोल्डर सुचवतं. तो तसाच ठेवलात तर मदतनीस जे चढवेल ते त्या फोल्डरात, आणि साइट जशीच्या तशी. तिथे पब्लिक फोल्डरचाच पत्ता लिहा.

नाव आणि जागा जोडणं

डोमेन आणि होस्टिंग एकाच कंपनीचं असेल तर हे बहुधा आपोआप होतं. वेगळं असेल तर डोमेनच्या खात्यात जाऊन ‘नेमसर्व्हर्स’ शोधा, तिथले जुने काढून मेलमधले दोन नवे लिहा. डोमेनवर आधीपासून ईमेल चालू असेल तर थांबा. नेमसर्व्हर बदलला की ईमेलची नोंदही नव्या घरी जाते आणि मेल यायचे बंद होतात. अशा वेळी फक्त ‘ए रेकॉर्ड’मध्ये, म्हणजे डोमेनचा आयपी सांगणाऱ्या नोंदीत, नवा आयपी लिहायचा, बाकी जिथल्या तिथे.

बदल सगळीकडे पोहोचायला काही मिनिटांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो. इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या यंत्रणा जुनं उत्तर काही काळ लक्षात ठेवतात, म्हणून घरच्या वायफायवर जुनं पान आणि मोबाइलवर नवं, असं होतं. या काळात सेटिंग पुन्हा पुन्हा बदलू नका. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’, पुढे रिकामी जागा आणि डोमेन लिहून एंटर मारा. उत्तरात मेलमधला आयपी आला की नाव जोडलं गेलं. त्यानंतरही साइट दिसत नसेल तर दोष फाइलींचा. आधी ही तपासणी, मग बाकी सगळं. माझा तो अर्धा तास यानेच वाचला असता.

नाव पोहोचल्यावर एसएसएल बघा, म्हणजे साइट आणि ब्राउझर यांच्यातल्या माहितीला लागणारं कुलूप. ते नसलं की ब्राउझर ‘नॉट सिक्युअर’ म्हणतो, क्रोमने २०१८ पासून हे सगळ्याच साध्या साइटींना लावलं. यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची एसएसएल प्रमाणपत्रं मोफत असतात, ९० दिवसांची, आणि सीपॅनल ती स्वतः नूतन करू शकतं. डोमेन सर्व्हरशी जोडलेलं असल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून हे आधी करायला जाऊ नका. मिळालं की सीपॅनलच्या ‘डोमेन्स’मध्ये ‘फोर्स एचटीटीपीएस’चं बटण चालू करा.

नाही दिसली तर

४०४ म्हणजे त्या जागी त्या नावाची फाइल नाही. सर्व्हर खोटं बोलत नाही. फाइल मॅनेजरमधलं नाव आणि लिंकमधलं नाव एकाखाली एक लिहून अक्षर अक्षर जुळवा.

४०३ म्हणजे परवानगी नाही. बहुतेकदा मुख्य पानाचं नाव चुकलेलं असतं. ते बरोबर असेल तर परवान्यांचे आकडे बघा: फाइलींना ६४४, फोल्डरांना ७५५. कुठेतरी कुणी ७७७ करा म्हणून सुचवेल. करू नका, ते दार सताड उघडं टाकणं झालं.

५०० दिसलं तर बहुधा सर्व्हरला सूचना देणाऱ्या ‘एचटीअ‍ॅक्सेस’ नावाच्या फाइलीत गडबड आहे. ती टिंबाने सुरू होते म्हणून लपलेली असते. फाइल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये लपलेल्या फाइली दाखवा, तिचं नाव बदला आणि पान पुन्हा उघडा.

मजकूर दिसतोय पण रंग-रूप गेलंय, पान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखं पांढरं? सीएसएस पोहोचलेली नाही. कीबोर्डवर एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅब उघडा, पान पुन्हा लोड करा. लाल ओळींत नेमकं कुठलं नाव सापडत नाही ते लिहिलेलं असतं. या एका टॅबने माझे जेवढे तास वाचवले तेवढे कुठल्याच व्हिडिओने नाही.

चढवून झाल्यावर

मूळ फोल्डर तुमच्या कॉम्प्युटरवर राहू द्या, आणि बदल नेहमी तिथे करून मग वर पाठवा. सीपॅनलमध्ये ‘एडिट’ बटण असतं, थेट सर्व्हरवर बदल करता येतो, आणि सवय लागते. मग कधीतरी तुम्ही घरचा जुना फोल्डर वर चढवता आणि महिनाभराचे बदल पुसले जातात. फाइलझिला ‘ओव्हरराइट’ विचारतो तेव्हा दोन्हीकडच्या तारखा दाखवतो, त्या वाचून मग ओके दाबा.

आमच्याकडे एप्रिलात वर्गणी बदलली. काकांचा फोन आला, मी वर्गणीच्या पानातला एक आकडा बदलला, तेवढी एक फाइल चढवली. दोन मिनिटांचं काम. काकांचा पुन्हा फोन, “अरे, मला जुनीच दिसतेय.”

त्यांच्या फोनने आधी बघितलेलं पान साठवून ठेवलं होतं. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबलं की भागतं, पण फोनवर काकांना कॅशे कसं साफ करायचं हे सांगत बसणं माझ्याच्याने झालं नसतं. लिंकच्या शेवटी मी एक प्रश्नचिन्ह आणि एक आकडा जोडला, म्हणजे फोनला ते पान नवं वाटतं, आणि तीच लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पाठवली. “आली,” काका म्हणाले. “पण फोटो कुणाचा लावलायस? तो जुना बोर्ड आहे.”